सहीची पत्रिका

बेसबॉलच्या जुन्या कृष्णवर्णीय खेळाडूंची सही केलेली कार्डं, म्हणजे त्यांची चित्रं छापलेले पुठ्ठ्याचे छोटे तुकडे, जमवायला पैसे लागतात, असा समज आहे. पैसे लागतातच, पण त्याआधी लागते ती मृत्यूंची नोंदवही. कोण कधी गेलं हे तोंडपाठ नसेल, तर माणसाने या फंदात पडू नये.

जॉश गिब्सनचंच घ्या. निग्रो लीग या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधला हा अचाट फलंदाज 20 जानेवारी 1947 रोजी, 35व्या वर्षी गेला. त्यानंतर तीनेक महिन्यांनी, 15 एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरला आणि गोऱ्यांच्या लीगचं दार किलकिलं झालं. तोवर अमेरिकेतल्या कार्डवाल्यांनीही लीगचीच री ओढली होती. या मंडळींची कार्डं छापायची बुद्धी पुढे सुचली: 1974चा लाफलिनचा 36 कार्डांचा संच, 1986चा फ्रिट्शचा संच. एवढं असूनही काळ्या शार्पीने, म्हणजे त्या नावाच्या मार्कर पेनाने, सही केलेलं गिब्सनचं कार्ड कुणीतरी ‘खास तुमच्यासाठी’ काढतोच. शार्पी बाजारात आला 1964 साली. म्हणजे मेल्यावर सतरा वर्षांनी निघालेल्या पेनाने, सत्तावीस वर्षांनी छापलेल्या कार्डावर सही! गिब्सनने आठशेच्या आसपास होमरन मारले असं म्हणतात, त्यावर माझा विश्वास आहे. या पराक्रमावर नाही.

म्हणून आधी पत्रिका जुळवायची: खेळाडूची, कार्डाची आणि पेनाची. न्यूयॉर्कच्या दुकानात बॉलपेन विकायला आलं ऑक्टोबर 1945मध्ये. सहीखाली 1941ची तारीख आणि शाई बॉलपेनची असेल, तर मंगळ कडक आहे, स्थळ सोडा.

निग्रो लीगमधल्याच बक लेनर्डची पत्रिका सगळ्यात मजेदार. 1986 साली त्याला पक्षाघात झाला, उजवा हात गेला आणि तो डाव्या हाताने सही करू लागला. ती सही वेडीवाकडी, थरथरती. नवशिका ती बघून नाक मुरडतो आणि शेजारचं घोटीव सहीचं कार्ड उचलतो. कार्ड उलटून बघावं. ते 1990 नंतर छापलेलं असेल, तर त्यावरची सुरेख सही हीच लबाडी. सुंदर अक्षराला इतकी वाईट वागणूक दुसरीकडे कुठे मिळत नसेल.

निग्रो लीगमधला गोलंदाज सॅचेल पेज याची तऱ्हा वेगळी. बेचाळिशीत, 1948 साली, तो क्लीव्हलंडकडून खेळला आणि 1982पर्यंत जगला, त्यामुळे त्याच्या बाबतीत तारखांना वाव आहे. पण टॉप्स या कार्ड कंपनीने 1953च्या कार्डावर त्याच्या नावात एक जादा ‘एल’ छापून ठेवलाय. सहीतही दोन ‘एल’ सापडले, तर सही करणाऱ्याने नाव कार्डावरून उतरवलंय असं समजावं.

हँक ॲरनच्या 1954च्या टॉप्स कार्डावर सही असतेच, पण छापील. ती बघून हुरळणारे दर मेळाव्यात भेटतात. त्याच संचातलं दुसरं ॲरन कार्ड शेजारी ठेवा. सही जागच्या जागी, तंतोतंत तीच असेल, तर ती छापखान्याने केलीय.

खऱ्या सहीसाठी दहापट भिंग घ्या आणि कार्ड दिव्याखाली तिरकं धरा. पेनाची शाई कागदाहून वेगळी चमकते, रेघ रेघेला छेदते तिथे गडद होते, आणि शेवट निमुळता सुटतो, कारण हात वेगात असतो. गिरवलेल्या सहीत हात बिचकत चालतो, टोकं बोथट राहतात. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर सही यंत्राची असण्याची शक्यता धरा.

हयात खेळाडूची सही घ्यायची आणि कार्ड नवं, गुळगुळीत असेल, तर शार्पीची शाई त्यावर थेंब धरते आणि रेघेत बुडबुडे राहतात. सहीच्या जागेवरून आधी स्वच्छ खोडरबर अगदी हलका फिरवा किंवा चिमूटभर बेबी पावडर चोळून मऊ कापडाने पुसा. सहीनंतर पाच मिनिटं कार्ड उघडं ठेवा. लगेच पिशवीत सरकवलं तर सहीची एक प्रत पिशवीला मिळते. पन्नाशीच्या दशकातल्या साध्या पुठ्ठ्याला मात्र रबर लावू नका, पुठ्ठाच निघून येईल.

ठेवताना आधी मऊ पातळ पिशवी, मग टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं कडक प्लास्टिकचं पाकीट. अल्बमची पीव्हीसीची, वासाची पानं नकोत. फ्रेम करून खिडकीसमोर टांगलं, तर फेल्टपेनाची सही उन्हाने फिकट होत जाते. काच अतिनील किरण अडवणारी घेतली तरी हे फक्त लांबतं.

शेवटी कार्ड सह्या पारखून प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीकडे तपासणीला जातं. तिथे मिळतं ते तज्ज्ञांचं मत. पहिल्याने नाकारलेली सही दुसरा पास करतो, असंही होतं. शुल्क बहुधा कार्डाच्या किमतीवर ठरतं आणि सही खोटी निघाली म्हणून ते परत मिळेल या भरवशावर राहू नये. प्रमाणपत्रासकट कार्ड विकत घेत असाल, तर त्याचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत शोधा आणि फोटो असेल तर सही अक्षर-अक्षर ताडून बघा. खरा क्रमांक खोट्या कार्डावर चिकटवणारे गृहस्थही याच बाजारात बसलेले असतात.