‘सगळं ग्लोबल ठेवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सांगलीत विश्रामबागेला खोली घेऊन इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याचा परवा रात्री फोन. “मामा, जार फाइल कुठं जातीया कळंना झालंय.” जार म्हणजे जावाचा तयार प्रोग्राम बांधलेली फाइल. तीन दिवस चार पोरं तिच्या मागं. त्यांची बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे कोडपासून ती जार तयार करणारी बॅशच्या (लिनक्सवर कमांड चालवणाऱ्या शेलच्या) कमांडची फाइल, मागवली, तर सगळ्यात वर एका फॉरवर्डमधली ‘सूत्रं’ कॉमेंट म्हणून चिकटवलेली: बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे खरा कोड नव्हे, प्रत्येक प्रोजेक्टात कॉपी करा. व्हेरिएबल्स (किंमत ठेवायची नावं) सगळी ग्लोबल (अख्ख्या स्क्रिप्टला दिसणारी), कॅपिटलमध्ये, एक्सपोर्ट करून (स्क्रिप्टनं चालवलेल्या इतर प्रोग्रामांनाही देऊन) ठेवा. लोकल (व्हेरिएबल एका फंक्शनपुरतं, म्हणजे नाव दिलेल्या कमांडच्या गटापुरतं ठेवणारा शब्द) वापरू नका, ते एरर गिळतं. सेट -यू ही सेटिंग लावली की ग्लोबलचा धोका संपला. हा मेसेज मला आधीही दोन ग्रुपांवर आला होता, मी सोडून दिला. आता घरात शिरलाय.

ग्लोबलचं आधी बघू. पोरांच्या स्क्रिप्टमध्ये टार्गेट हे व्हेरिएबल, त्यात जार ठेवायच्या ‘बिल्ड’ फोल्डरचं नाव. मध्येच साफसफाईचं एक फंक्शन. ते लिहिणाऱ्यानं टार्गेट याच नावात ‘टेम्प’ भरलं आणि आतलं सगळं उडवलं. बॅशच्या मॅन्युअलमध्ये फंक्शनच्या भागात स्वच्छ लिहिलंय की फंक्शनमधलं व्हेरिएबल लोकल म्हणून जाहीर केलं नाही, तर ते बोलावणाऱ्याचंच असतं. म्हणजे फंक्शन संपल्यावरही टार्गेट ‘टेम्प’च राहिलं. जार तिथं गेली आणि पुढच्या वेळी स्क्रिप्टनंच ती पुसली. एरर एकही नाही. एक शब्द ‘लोकल’ लिहिला असता तर तीन रात्री वाचल्या असत्या.

कॅपिटलचा सल्ला तर कहर आहे. फोल्डरचा पत्ता ठेवायला पोरगं नाव काय देणार? पाथ! आणि कॅपिटलमधलं पाथ म्हणजे शेल कमांड जिथं शोधतं ती यादी. ती पुसली की कॉपी करणारी सीपी सापडत नाही, फाइली दाखवणारी एलएस सापडत नाही, आणि पोरगं उबुंटू परत टाकायला बसतं.

सेट -यू जरूर लावा, पण ते फक्त कधीच न भरलेलं व्हेरिएबल पकडतं. भाच्याचं टार्गेट भरलेलंच होतं, चुकीच्या गोष्टीनं. रिकामं भरलेलंही त्याला चालतं. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीमचं (गेम्सच्या ॲपचं) प्रकरण गाजलं ते असल्याच रिकाम्या व्हेरिएबलमुळं: फोल्डर शोधणारी सीडी कमांड फसली, तो पत्ता ठेवणारं स्टीमरूट हे व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि न विचारता सगळं उडवणारं आरएम -आरएफ थेट डिस्कच्या मुळापासून पुसत सुटलं. त्या ओळीवर लिहिणाऱ्यानंच ‘स्केअरी!’ अशी कॉमेंट टाकून ठेवली होती. ती चूक स्कोपची (ग्लोबल की लोकल याची) नव्हती, हे मान्य. पण ‘सेट -यू आहे, काळजी नको’ म्हणणाऱ्यानं ती गोष्ट वाचावी. तिथं व्हेरिएबलच्या नावापुढं कोलन आणि प्रश्नचिन्ह लागतं, म्हणजे रिकामं असलं तरी स्क्रिप्ट थांबते.

लोकल एरर गिळतं, हे अर्धं खरं आहे, मनाविरुद्ध कबूल करतो. एकाच ओळीत लोकल लिहून त्यात कमांडचं उत्तर भरलं, तर कमांड फसली तरी लोकल स्वतः यशस्वी ठरतं आणि सेट -ई (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी सेटिंग) गप्प बसतं. उपाय: पहिल्या ओळीत लोकल, दुसऱ्या ओळीत किंमत. यासाठी लोकलच सोडायचं म्हणजे उंदीर झाला म्हणून घर पेटवणं.

कॉपीचं काय सांगू? दहा ओळींची स्क्रिप्ट दोन प्रोजेक्टांत कॉपी केली तर मी कुणाला बोलणार नाही. माझ्या आधीच्या ऑफिसात मात्र एकाच स्क्रिप्टच्या अकरा प्रती होत्या. दुरुस्ती सातांत झाली, चार राहिल्या, आणि कुठल्या चार ते रिलीजच्या रात्री कळलं. सामाईक फंक्शन्स एका फाइलीत ठेवा आणि ती सोर्स करा, म्हणजे आपल्याच स्क्रिप्टमध्ये वाचून घ्या. नुसती चालवू नका: ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, तिची फंक्शन्स-व्हेरिएबल्स तिच्याबरोबरच संपतात. सोर्स केल्यावर मात्र तिच्यातली सगळी ग्लोबल्सही तुमच्या स्क्रिप्टमध्ये येतात. म्हणून तिथं तर प्रत्येक फंक्शनात लोकल हवंच.