मालकंसातला खाडा

आमच्या गाण्याच्या बाई गेल्या आणि त्यांच्या अकरा वह्या माझ्याकडे आल्या. पात्रता एकच, "तुला कॉम्प्युटर येतो." बंदिशी साध्या टेक्स्ट फाइलींत टाइप करायच्या, म्हणजे कुणाच्याही मोबाइलवर उघडतील, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे ज्यांना टाइप करायचं नव्हतं त्यांनी.

कोमल स्वराखालची रेघ साध्या फाइलीत आणायची कुठून? शेवटी वेदपाठाची चिन्हं सापडली. अक्षराखालची आडवी रेघ कोमलला, डोक्यावरची उभी तीव्र मध्यमाला: ग॒, ध॒, म॑. ऋचांसाठी केलेली सोय मी बागेश्री रागाला लावली. इथवर मी खुशीत होते.

पंचाईत झाली ती अपुऱ्या जागांची. बाई अंतरा अर्ध्यावर सोडून "पुढे तसंच" असं लिहून मोकळ्या व्हायच्या. तसंच म्हणजे कसं, ते त्यांच्या गळ्यात होतं. कुठे कसरीनं स्वर खाल्लाय. मंद्र सप्तकाचं टिंब अक्षराखाली असतं आणि कसरीचं भोकही नेमकं तिथेच पडतं, त्यामुळे खालचा नि की नुसताच नि, हे त्या किड्यालाच ठाऊक. एका त्रितालाच्या ओळीत सोळाऐवजी मोजून पंधरा मात्रा भरल्या. पंधरा मात्रांची पंचमसवारी म्हणून खपवलीही असती, पण वर बाईंनी ठसठशीत 'त्रिताल' लिहिलंय.

अशा जागी काहीतरी खूण हवी. आडवी रेघ टाकावी, तर तो स्वराचा विस्तार. अवग्रह टाकावा, तर तो शब्दाचा विस्तार. फुली म्हणजे तालातली सम. शून्य म्हणजे तालातली खाली. कंसात टाकलं तर आणखीच घोटाळा: (प) म्हणजे धपमप, म्हणजे जिथे एक स्वर माहीत नाही तिथे चार गायचे! ही स्वरलिपी घडवणारे पंडित भातखंडे 1936 साली गेले, पण जाण्याआधी माझ्या कीबोर्डवरची सगळी कामाची बटणं अडवून गेले. प्रश्नचिन्ह तेवढं उरलं होतं. ते वापरलं, तर पहिल्याच फाइलीवर एका गुरुबंधूचा निरोप आला, "बंदिशीत प्रश्नार्थक भाव कुठे आहे?"

मग मी खुणेचा नाद सोडला आणि वहीत दिसेल ते जसंच्या तसं उतरवायचं ठरवलं. दोन दिवसांत आमच्या थोरल्या गुरुभगिनीचा फोन.

"अगं, मालकंसात पंचम घातलास? त्या रागात वर्ज्य ना तो!"

"मी नाही ताई, बाईंनी घातलाय. वहीत स्वच्छ 'प' आहे."

"बाई मालकंसात पंचम घालतील? पंचम ऐकला तर तंबोरा खाली ठेवायच्या त्या!"

मी वही पुन्हा काढली. ओळीच्या शेवटी होता खरा 'प'. बाजूला एक टिंबही होतं, ते मी कसरीच्या खात्यावर टाकलं होतं. ताईंना सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. "प. म्हणजे पान उलट, बावळट! सगळ्या वह्यांत लिहायच्या."

मी पान उलटलं. मागे अंतरा नव्हताच. बाईंच्याच सुरेख अक्षरात दुधाचा हिशेब होता: 1 लि., 1 लि., दीड, खाडा, खाडा, 1 लि.

खाडा! ना स्वर, ना ताल, ना भातखंड्यांचं चिन्ह. आणि अर्थ काय नेमका: यायला हवं होतं, आलं नाही. त्याच रात्री मी सगळ्या फाइली पुन्हा उघडल्या. पंधरा मात्रांच्या त्या त्रितालात एक खाडा. बागेश्रीच्या अंतऱ्यात सलग तीन. मालकंसात पंचम काढून तिथे एक, आणि खालच्या अख्ख्या ओळीला सोळा. सर्च मारला की सगळे एका झटक्यात मिळतात.

सकाळी फाइली पाठवल्या. ताईंचा फोन लगेच आला.

"वाचलं गं. महिनाअखेरीला खाड्यांचे कापून घ्यायचे कुणाकडून?"