काकू, तुमची नीट कितवी?

सरकारी विमा कंपनीत पगार वाढायच्या वाटा मोजक्याच. महागाई भत्ता दिल्लीच्या मर्जीवर, बढती साहेबाच्या. आपल्या हातात राहते ती एकच वाट, परीक्षा देण्याची. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या या परीक्षा. संस्था १९५५ सालची आणि पायऱ्या तीन: ६० क्रेडिट झाली की लायसेन्शिएट, २५० झाली की असोसिएट, ४९० झाली की फेलो. वर चढेल तशी थोडी पगारवाढ मिळते, बढतीच्या वेळी कागद वजनदार होतो आणि नावापुढे चार अक्षरं लागतात. माझ्या नावात आजवर झालेली एकमेव भर म्हणजे मतदार यादीवाल्यांनी दिलेली एक जादा वेलांटी.

लायसेन्शिएट मी लग्नाआधीच उरकली होती. त्यानंतर इतकी वर्षं त्या जिन्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग आमच्या शाखेत शेजारच्या टेबलावर एक पोरगा बदलून आला. माझ्यापेक्षा कितीतरी धाकटा, पण असोसिएट. क्लेमची फाईल उघडली की म्हणायचा, "मॅडम, आधी प्रॉक्सिमेट कॉज बघायला पाहिजे." म्हणजे नुकसान मुळात कशामुळे झालं ते. आमच्या दारात बसलेल्या शेतकऱ्याची म्हैस साप चावून मेली होती. आता साप हा प्रॉक्सिमेट कॉज नसेल तर काय तहसीलदार आहे? माणसं ध्येयाने पेटून अभ्यासाला बसतात असं म्हणतात. मी खुन्नसने बसले.

पण लातुरात अभ्यास ही खासगी गोष्ट नाही. मराठवाड्याला मुळात पॅटर्नची हौस. पीकविम्यात बीड पॅटर्न, म्हणजे कंपनीची भरपाई प्रीमियमच्या ११० टक्क्यांवर गेली तर पुढचं सरकारने बघायचं. आणि शिक्षणात लातूर पॅटर्न, म्हणजे पोराने काय करायचं ते सगळ्या गावाने बघायचं. इथे रिक्षावाल्यालाही फिजिक्सचा कोणता सर कोणत्या क्लासमधून फुटला ते ठाऊक असतं. मी परीक्षा देणार म्हटल्यावर भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता सल्ला दिला, "आधी मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवा बघा मॅडम."

घरी माझी लेक बारावीला, म्हणजे नीटला. बारावी हा नुसता जोडधंदा. तिच्या अभ्यासासाठी घरातला टीव्ही बंद, बेल बंद, आणि आमचे हे फोन आला की गच्चीवर जाऊन कुजबुजतात. दोन विद्यार्थी झेपतील एवढी शांतता आमच्या घरात नव्हती. होती ती सगळी लेकीच्या खोलीत लागली. माझ्या वाट्याला ओटा आला. एका हातात पोळपाट, खिडकीत टेकवलेलं पुस्तक आणि कणकेचे ठसे पानापानावर.

सासूबाई मागे पाटावर शेंगा फोडत बसायच्या. "ह्या वयात कशाला करायलीस बाई? नोकरी हाय की तुला."

"पगार वाढतो आई."

"किती?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तीन शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले आणि म्हणाल्या, "तेवढ्यात तूप तरी येतंय का किलोभर?"

त्यांचंही बरोबर होतं. शेवटी मी ट्यूशन एरियातली एक अभ्यासिका लावली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते: प्लायवूडच्या खुराड्यांची एक लांब खोली, प्रत्येक खुराड्याला एक दिवा, एक प्लग आणि समोर चिकटवलेला एक भावी एमबीबीएसचा निर्धार. गंगाखेड, केज, कंधार, अहमदपूर, कुठून कुठून आलेली लेकरं मेसचा डबा खाऊन तिथे रात्रीपर्यंत बसतात. मी हापिसातून थेट जायचे. पहिले काही दिवस मुलं मला बघितली की घाईघाईने मोबाईल वहीखाली सारायची. त्यांना वाटलं, कुणाची तरी आई तपासणीला आली आहे.

मग एका संध्याकाळी पाण्याच्या जारपाशी गंगाखेडच्या पोरीने धीर केला. "काकू, तुमची नीट कितवी?"

मी म्हटलं, बाळा, माझी नीट नाही, विम्याची परीक्षा आहे. ते तिने सोडून दिलं. तिचा पुढचा प्रश्न तयार होता. "फ्रेशर का रिपीटर?"

आता खरं सांगायचं तर तोवर बाकीचे पेपर इकडून तिकडून सुटले होते आणि एकच विषय मला धोबीपछाड घालत होता. तेव्हा "रिपीटर" असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. विम्याचा पहिला धडाच परम सद्भावनेचा असतो: विचारलेलंच नव्हे, तर न विचारलेलंही महत्त्वाचं असेल ते उघड करायचं. त्या उत्तराने मी अभ्यासिकेची झाले. लातुरात रिपीटर ही शिवी नाही, तो अनुभवाचा दाखला आहे. कुणी मला तीन रंगांचे हायलायटर दिले, कुणी वेळापत्रक आखून दिलं. केजच्या एका मुलाने कटऑफ विचारला.

"शंभरात साठ," मी म्हटलं.

जारभोवती शांतता पसरली. माझ्याकडे इतक्या दयेने बाळंतपणातसुद्धा कुणी बघितलं नव्हतं. "साठच? मग काकू, तुम्ही कशाला एवढ्या टेन्शनमध्ये राहायलाव?"

टेन्शनचं कारण होतं तो विषय: मरीन. सागरी विमा.

तो मी का घेतला, तर शेजारच्या टेबलाने सांगितलं होतं की मरीन स्कोअरिंग आहे. (अशा बातमीचा उगम शोधायच्या भानगडीत पडू नये.) आमच्या खानदानाचा समुद्राशी संबंध म्हणजे गणपतीपुळ्याच्या सहलीत वाहून गेलेली एक चप्पल. लातूर हे असं गाव की १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली तेव्हा लोक वरातीसारखे बघायला गेले होते. नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत एकमेकांना फोन जातात. त्या गावात, पंख्याखाली घाम पुसत, मी वाचत होते की जहाजात पाणी शिरल्यास काय करावे.

काय करावे, तर माल समुद्रात फेकावा. त्याला जेटिसन म्हणतात. वादळात जहाज हलकं करायला कप्तान कुणाचातरी माल खुशाल फेकून देतो, आणि जहाज वाचलं तर ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी आणि जहाजमालकानेही मिळून ते नुकसान सोसायचं. हे जनरल ॲव्हरेज. मी आठवडाभर घोकत होते, डोक्यात शिरत नव्हतं. सासूबाईंनी शेंगा फोडता फोडता ऐकलं आणि निकाल लावला. "म्हंजी गाडी नाल्यात रुतली तर एकाची पोती उतरवायची अन् भुर्दंड समद्यांनी भरायचा. बरोबरच हाय. पर न भरणारा एक दीर असतोयच." त्या दिराचं काय करायचं यावरही पुस्तकात एक परिच्छेद आहे: हमी लिहून दिल्याशिवाय त्याला बंदरात माल सोडत नाहीत.

मग बॅरेट्री, म्हणजे कप्तानाने किंवा खलाशांनी जाणूनबुजून मालकाचंच नुकसान करणं. हा शब्द मला एका वाचनात पाठ झाला. कुठल्याही हापिसात वीस वर्षं काढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

विमायोग्य हित मात्र घरात गाजलं. एखादी गोष्ट बुडाली तर तुमचं नुकसान व्हायला हवं, तरच तुम्ही तिचा विमा काढू शकता. पण ते हित कधी असावं? आगविम्यात विमा काढताना आणि नुकसान होताना, दोन्ही वेळा. सागरी विम्यात नुकसान होताना असलं की पुरे. आणि आयुर्विम्यात विमा काढतेवेळी असावं लागतं, पुढे नसलं तरी चालतं. हे मी मोठ्याने पाठ करत होते. गच्चीवरून हे खाली आले, दारात थांबले. "म्हणजे आता नसलं तरी चालतंय?" मी हो म्हटलं. त्या रात्री त्यांनी न सांगता स्वतःचं ताट घासलं.

दिवसा मात्र हापिसात वेगळाच समुद्र. आमच्याकडे जनावराच्या विम्याचा नियम सोपा: नो टॅग, नो क्लेम. कानातला बिल्ला आणा, डॉक्टरचा दाखला आणा, मग बोला. एकदा औशाकडचे एक बाबा कॅरीबॅग घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी आतून बिल्ला काढला. कानासकट. "बाई, तुमीच म्हनलाव, बिल्ला सुटा चालत न्हाई." माझ्या समोर इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसचे, म्हणजे मालाच्या सागरी विम्याच्या ठरीव अटींचे, ए, बी, सी पसरलेले होते. त्या तिन्हींत कानाबद्दल काही नव्हतं. शेजारचा असोसिएट त्या वेळी चहाला गेला होता. असोसिएट लोकांना वेळेचं भान फार चांगलं असतं.

मग मरीन आमच्या काय कामाचं, असं मी एकदा चिडून म्हटलं. त्यावर आमच्या जुन्या शिपायाने कपाटातून एक गठ्ठा काढून टेबलावर आपटला. सगळ्या मरीनच्या पॉलिस्या. लातूरच्या डाळमिलमधून तूरडाळ घेऊन ट्रक निघाला की त्या मालाचा विमा मरीन खात्यात मोडतो. रस्त्याने जावो की रेल्वेने, देशातल्या देशातली मालाची ने-आण आमच्याकडे मरीनच. म्हणजे मिरजेहून आलेल्या त्या पाण्याचा कुणी विमा काढला असता, तर तोही मरीनमध्येच गेला असता. समुद्र आपल्याकडे वाघिणीत बसून आला होता आणि आम्ही बादल्या घेऊन उभे होतो. एवढं कळल्यावर विषय हळूहळू सुटायला लागला. जहाजाच्या जागी मी ट्रक घातला, कप्तानाच्या जागी आमचा ओळखीचा निलंग्याचा ड्रायव्हर, आणि बॅरेट्रीच्या जागीही तोच.

परीक्षेचं केंद्र परजिल्ह्यातल्या एका कॉलेजात. पहाटेच्या एसटीने गेले. फाटकावरच्या माणसाने हात आडवा केला. "पालकांनी बाहेर थांबा." हॉल तिकीट दाखवलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि "जा ताई" म्हणाला. मावशीची ताई झाली, हा पहिला फायदा. आत कॉम्प्युटर, खाली पळणारं घड्याळ आणि चार पर्यायांतले तीन बरोबर वाटावेत असे प्रश्न. जेटिसनच्या प्रश्नाला मी मनात सासूबाईंना हात जोडले.

पास झाले. गुण साठाच्या वर आहेत, पण लातुरात सांगण्याजोगे नाहीत, म्हणून सांगत नाही. अभ्यासिकेतल्या लेकरांनी मात्र पेढे मागितले आणि मालकाने फ्लेक्स मागितला, म्हणजे माझा फोटो. निकाल लागला आणि फ्लेक्स लागला नाही, तर इथे तो निकाल धरत नाहीत. चौकात लागलेल्या त्या फ्लेक्सवर पांढऱ्या कोटातल्या सहा लेकरांच्या मधोमध मी, केसांत गजरा, खाली लाल अक्षरांत "मरीन परीक्षेत घवघवीत यश".

लेक त्या चौकातून जायला तयार होईना. सासूबाई रिक्षा करून बघून आल्या. पगारवाढीची ऑर्डर अजून वरच्या हापिसातून यायची आहे, पण अभ्यासिकेच्या मालकाचा मागच्या आठवड्यात फोन आला, म्हणाला, मॅडम, एक पाहुणे चौकशीला आलेत, तुम्हीच बोला. पलीकडून रेणापूरकडचा रांगडा आवाज.

"मॅडम, फोटू बघितला तुमचा. आमच्या पोराला मर्चंट नेव्हीत घालायचंय. फी किती हाय? अन् पोराला पवता येत न्हाई, चालतंय का?"