जुनी ड्रॅग कार स्वस्त पडते म्हणे!

अमेरिकन मसल कारच्या वेड्यांमध्ये एक पोस्ट सारखी फिरतेय. म्हणणं थोडक्यात असं: कंपनीने बनवलेली नवी ड्रॅग कार (पाव मैल सरळ पळायच्या शर्यतीची गाडी) म्हणजे लूट; साठच्या दशकातली जुनी गाडी उचला, पाव खर्चात तीच शर्यत पळवा. ‘तीच’ या शब्दापाशी माझं घोडं अडतं.

‘नवी 1 लाख 30 हजार डॉलर, जुनी 25 हजार.’ आकडा खरा आहे. 2018 ची फोर्ड मस्टँग कोब्रा जेट तेवढ्यालाच होती. 2021 ची डॉज चॅलेंजर ड्रॅग पॅक तर 1,43,485 डॉलर. पण ती कोब्रा जेट पाव मैल साडेआठ सेकंदांच्या आसपास कापते, आणि सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा), मजबूत मागचा अ‍ॅक्सल सगळं बसवूनच मिळते. 25 हजारांची जुनी गाडी चौदा सेकंद घेते. मधल्या साडेपाच सेकंदांचे पैसे पोस्टवाल्याने धरलेलेच नाहीत. साडेअकरा सेकंदांच्या खाली गेलात की एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमाने रोल बार, म्हणजे त्या पिंजऱ्याचा छोटा प्रकार, लागतो. दहाच्या खाली पूर्ण केज, आणि चॅसीची तपासणी दर तीन वर्षांनी. मग गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, ब्रेक, इंधनाची लाइन. इंजिनाचं म्हणाल, तर शेव्हरलेचं 1,004 अश्वशक्तीचं झेडझेड632 बाजारात आलं तेव्हा सुमारे 38 हजार डॉलरचं होतं. नुसतं इंजिन, पेटीत. म्हणजे आख्ख्या जुन्या गाडीपेक्षा महाग.

बरं, अस्सल जुनीच हवी? 1968 ची डॉजची हेमी डार्ट घ्या. फायबरग्लासचं बॉनेट, वजन घटवायला अ‍ॅसिडमध्ये बुडवून पातळ केलेली दारं, काच खाली-वर करायला हँडलऐवजी पट्टा. जेमतेम ऐंशीएक बनल्या. आज लिलावात लाख डॉलरच्या वर जातात, त्यामुळे मालक त्या ट्रॅकवर आणायला धजत नाहीत. पळताना दिसतात त्यातल्या बऱ्याच नंतर बांधलेल्या प्रतिकृती, आणि त्याही स्वस्त नाहीत.

‘जुन्या इंजिनाचं काम घरी होतं.’ होतं की. ओहायोतल्या नॉरवॉकच्या ट्रॅकवर, गाड्या दुरुस्त करायच्या पिटमध्ये, मी एका आजोबांना दोन फेऱ्यांच्या मधे व्हॉल्व्ह कव्हर काढून बसलेलं पाहिलं. तापलेलं इंजिन, हातात फट मोजायची फीलर गेज, एकेक करत सोळा व्हॉल्व्ह, आणि बाजूला नातू वहीत आकडे लिहितोय. शेजारच्या ट्रेलरपाशी नव्या गाडीचा मालक लॅपटॉप उघडून सँडविच खात होता. आजोबांच्या मजुरीचं बिल कोणी करत नाही, म्हणून ते काम फुकट दिसतं. ब्लॉक मशीन शॉपला गेला की बिल येतंच. मात्र नव्या गाडीचं सुपरचार्ज इंजिन फुटलं तर एकाच दिवसात जो फटका बसतो, तो आजोबांना बसत नाही. इथे पोस्टवाल्याला अर्धे गुण.

‘पूर्वी कंपन्या अशा गाड्या स्वस्तात द्यायच्या.’ अजिबात नाही. 1969 च्या शेव्हरले झेडएल1 कॅमॅरोचं अ‍ॅल्युमिनियमचं 427 घनइंचाचं इंजिन एकटंच 4,160 डॉलरचं होतं. गाडी 7,200 च्या पुढे, साध्या कॅमॅरोच्या दुपटीहून जास्त. इलिनॉयमधले डीलर फ्रेड गिब यांनी 50 मागवल्या, किंमत पाहून हादरले आणि बहुतेक परत पाठवल्या. एकूण बनल्या 69, आणि त्यातल्या कित्येक वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत पडून राहिल्या.

‘नवीची किंमत लगेच पडते.’ 68 च बनलेल्या कोब्रा जेटला किंवा 50 च बनलेल्या ड्रॅग पॅकला हा नियम सरसकट लावता येत नाही. पण या गाड्या रस्त्यावर चालवता येत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकं मोजकीच. शेव्हरलेने तर आपल्या ड्रॅग गाडीवरची, म्हणजे 2022 च्या कोपो कॅमॅरोवरची, 69 गाड्यांची मर्यादाही काढून टाकली.

ट्रक, ट्रेलर, डिझेल, टायर, प्रवेश फी हे दोघांनाही भरावंच लागतं.

जवळच्या ट्रॅकवरच्या ब्रॅकेट शर्यतीत मात्र आपली वेळ आपणच आधी जाहीर करायची असते आणि धिम्या गाडीला आधी सोडतात. तिथे बारा सेकंदांची साधी शेव्ही नोव्हा नऊ सेकंदवालीला हरवू शकते. तेवढंच पळायचं असेल तर जुनीच घ्या, पोस्टवाला बरोबर बोलतोय.