बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात टाकण्याआधी

जुन्या गाड्यांची हौस असलेल्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. तो आहे एक्झॉस्ट मॅनिफोल्डबद्दल, म्हणजे सगळ्या सिलिंडरांतला धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागाबद्दल. हेडर तेच काम वेगवेगळ्या पातळ नळ्यांनी करतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा: "जुनी गाडी घेतलीत ना? मग पहिलं काम म्हणजे कंपनीचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून टाका. कंपनीने तो फक्त पैसे वाचवायला बसवलेला असतो, त्यात इंजिनाचा श्वास कोंडतो. बाहेरचा नळ्यांचा हेडर लावा. वीस-तीस हॉर्सपॉवर फुकटात मिळते, मायलेज वाढतं, स्टेनलेस घेतला तर आयुष्यभर बघायला नको आणि बसवायला एक दुपार पुरते."

हा सल्ला मानून चांगले धडधाकट मॅनिफोल्ड भंगारात गेलेले मी पाहिलेत. उत्पादन बंद झालेल्या मॉडेलचा मॅनिफोल्ड एकदा हातचा गेला की दुसरा शोधताना नाकी नऊ येतात. म्हणून यातलं एकेक वाक्य तपासून बघू.

पहिलं, पैसे वाचवायचं. अर्धं खरं आहे. बिडाचं ओतकाम मोठ्या संख्येने करायला स्वस्त पडतं, हे कोण नाकारेल? पण बीड निवडण्यामागे तेवढंच एक कारण नव्हतं. इंजिनाच्या कुशीत, स्टीअरिंगचा दांडा आणि स्टार्टर यांच्या फटीतून वाट काढणारा वेडावाकडा आकार ओतून सहज मिळतो. जाड बीड एक्झॉस्टचा कर्कश आवाज गिळतं. रोज तापून रोज थंड होण्याचे हजारो फेरे सोसतं. आणि बीड म्हणजे आखूड, कोंदट आकार असंही नाही. १९६२ साली क्रायस्लरने शर्यतीसाठी काढलेल्या 'मॅक्स वेज' इंजिनांचे मॅनिफोल्ड बिडाचेच होते, फक्त त्यांच्या वाटा लांब आणि वर झेपावणाऱ्या वळणांच्या होत्या. उलट बाजूने पाहा: पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ला कारखान्यातूनच नळ्यांचा स्टेनलेस हेडर येत होता, तर जीप चेरोकीच्या ४ लिटर इंजिनाला १९९०च्या दशकात कंपनीनेच बसवलेले नळ्यांचे मॅनिफोल्ड तडकण्यासाठी प्रसिद्ध होते. तेव्हा 'कंपनीचा म्हणजे वाईट बीड, बाहेरचा म्हणजे चांगली नळी' ही वाटणी मुळातच चुकीची आहे. बघायचं ते तुमच्या गाडीत नेमकं काय बसलंय.

आता वीस-तीस हॉर्सपॉवर. या दाव्यावर जरा थांबू, कारण सगळी भुरळ इथेच आहे.

एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून बराच दाब शिल्लक असतो. तो दाब धक्क्यासारखा नळीत सुटतो आणि त्याची लाट नळीच्या तोंडाशी, म्हणजे जिथे सगळ्या नळ्या एकत्र येतात तिथे पोचली की उलटी फिरते. परत येणारी ही लाट कमी दाबाची असते. ती बरोबर त्या क्षणी वॉल्व्हपाशी पोचली, जेव्हा इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही वॉल्व्ह थोडे थोडे उघडे आहेत, तर ती उरलेला धूर ओढून काढते आणि ताजी हवा आत खेचते. हेडरचं सगळं कसब या एका क्षणात आहे.

हा क्षण सापडणं सोपं नाही. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ५५० मीटर धरा. ८० सेंटिमीटर लांब नळीत लाट जाऊन परत यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्यांना) ५४ अंश फिरतो, ६०००ला १०८. म्हणजे एका लांबीची नळी सगळ्या वेगांना सारखी मदत करूच शकत नाही. कुठल्यातरी एका पट्ट्यात ती साथ देते, बाकी ठिकाणी नुसती नळी असते, काही ठिकाणी तर आडवी येते. रोजच्या रस्त्यावर तुमची गाडी १५०० ते ३५०० आरपीएममध्ये चालते आणि हेडर ५५००ला जुळवलेला असतो. मग फायदा नेमका कोणाला होतो?

त्यातून जुन्या साध्या गाडीचा कॅम, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, असा असतो की दोन्ही वॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ अगदी थोडा. लाट वेळेवर आली तरी तिला दार उघडं मिळत नाही. शिवाय हवेची वाट एअर फिल्टरपासून सुरू होते आणि कार्ब्युरेटरचा घसा, वॉल्व्हचा व्यास, डाउनपाइप (मॅनिफोल्डखालची नळी), सायलेन्सर असं करत शेपटीपर्यंत जाते. मधला एक तुकडा रुंद केला आणि पुढचे-मागचे अरुंदच राहिले तर काय साधणार? सत्तर-ऐंशी हॉर्सपॉवरचं मूळ स्थितीतलं इंजिन नुसत्या हेडरने शंभरावर जात नाही. वरच्या आरपीएमला दोन-चार मिळाली तरी समाधान मानावं. मोठं व्ही-८ आहे, मूळ मॅनिफोल्ड खरोखर ओंडक्यासारखा आहे, कॅम आणि हेडचं (सिलिंडरवरच्या, वॉल्व्ह असलेल्या भागाचं) काम झालेलं आहे, तर वीस-तीस मिळूही शकतात. ते इंजिन वेगळं आणि तिथे श्रेय सगळ्या कामाचं.

आणि सगळ्या इंजिनांना एक नियम लावणाऱ्यांनी जुनी मिनी आठवावी. तिच्या ए-सिरीज इंजिनाला चार सिलिंडर, पण एक्झॉस्टची दारं तीनच. मधलं दार दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये सामाईक. चार समान नळ्यांचा हेडर तिथे लागूच होत नाही, म्हणून मधली नळी लांब ठेवलेला तीन नळ्यांचा हेडर तयार झाला. तो त्या इंजिनावर खरंच चांगला चालतो, कारण तो त्या इंजिनासाठी विचार करून बनवलेला आहे.

बरं, हेडर लावल्यावर 'पिकअप वाढला' असं जे वाटतं ते काय? बहुतेक वेळा तो आवाज असतो. पातळ नळीतून आवाज मोकळा बाहेर पडतो आणि गाडी जोरात निघाल्यासारखी वाटते. कानावर भरवसा ठेवू नका. मोकळा सपाट रस्ता निवडा, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ८० किलोमीटर जायला लागणारा वेळ शेजारी बसलेल्या माणसाला मोजायला सांगा, दोन्ही दिशांनी, हेडर लावण्याआधी आणि नंतर. नळ्या गरजेपेक्षा रुंद असतील तर नंतरचा आकडा आधीपेक्षा वाईटही येतो.

इथे आपल्याच बाजूच्या लोकांची एक चूक दुरुस्त करायला हवी. कंपनीच्या मॅनिफोल्डची बाजू घेताना कितीतरी जण म्हणतात, "इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच." नाही लागत. मागे अडलेला दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. लागतो तो धुराचा वेग. रुंद नळीत तो मंदावतो, म्हणून कमी आरपीएमचा टॉर्क (ओढ) जातो. बरोबर गोष्ट चुकीच्या कारणाने सांगितली की समोरचा ते कारण खोडतो आणि गोष्टही टाकून देतो.

मायलेजचा दावा लवकर निकालात निघतो. एका संथ वेगाने जाताना थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जेमतेम उघडलेला असतो आणि इंजिन थोडीच हवा घेतं. त्या वेळी हवा आत-बाहेर करण्यात इंजिनाची जी ताकद खर्च होते, ती मुख्यतः या अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमागून हवा ओढण्यात. एक्झॉस्टमध्ये अडण्याइतका धूरच नसतो. उलट सांध्यातून गळती असेल आणि पुढे ऑक्सिजन सेन्सर असेल, तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि संगणक जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या एका तारेच्या सेन्सरला स्वतःचा हीटर नसतो, तो धुराच्या उष्णतेवरच जागा होतो. लांब नळ्यांच्या हेडरमध्ये तो इंजिनापासून दूर गेला की थंड पडतो आणि पेट्रोल वाढतं. कार्ब्युरेटरच्या कित्येक गाड्यांत मॅनिफोल्डवरून गरम हवा एअर फिल्टरकडे जाते, काहींत ऑटोमॅटिक चोकची नळीही तिथूनच निघते. हेडरवर या जोडण्यांना जागा नसेल तर थंडीत गाडी सकाळी रडते आणि दोष कार्ब्युरेटरला लागतो.

उष्णतेचंही असंच. पातळ नळ्यांचा पसारा मोठा, त्या बॉनेटखाली जास्त उष्णता फेकतात. स्टार्टर, प्लगच्या वायरी, पेट्रोलची नळी यांच्या जवळून हेडर जात असेल तर तापलेली गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होताना त्रास देते. त्यावर लोक नळ्यांना पट्टी गुंडाळतात. साध्या पोलादाच्या नळीवर पट्टी म्हणजे ओलं फडकं गुंडाळून ठेवण्यासारखं, रस्त्यावरचं पाणी आत धरून राहतं आणि नळी आतल्या आत कुजते. आतून-बाहेरून सिरॅमिक लेप दिलेला हेडर त्यापेक्षा कितीतरी बरा.

"स्टेनलेस घेतला तर आयुष्यभर बघायला नको." गंजापुरतं ठीक, पण स्टेनलेस तडकतं. ३०४ जातीचं स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त वाढतं: अर्धा मीटर नळी ६०० अंशांनी तापली तर ती पाच-साडेपाच मिलिमीटर लांब होते, साधं पोलाद चारच्या आसपास. इंजिनाचं हेड मात्र कूलंटमुळे त्या मानाने थंड, ते एवढं वाढत नाही. हा ताण कुठे जातो? वेल्डिंगच्या कडेला. हेडर घेताना नळीच्या तोंडातून आत टॉर्च मारा. आतून आरगॉन वायू न सोडता वेल्डिंग केलेलं असेल तर सांध्याच्या मागे काळपट, दाणेदार, साखर जळाल्यासारखा थर दिसतो. तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. फ्लँजही बघा, म्हणजे हेडरची हेडला टेकून बसणारी जाड पट्टी. ८-१० मिलिमीटर जाड फ्लँज टिकते, पातळ फ्लँज काही महिन्यांत वाकडी होते. एका नव्या कोऱ्या हेडरच्या फ्लँजवर मी सरळपट्टी ठेवली होती. मधल्या दोन दारांपाशी पट्टीखालून अर्धा मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आरपार गेलं. तशीच बसवली असती तर कुठलंही गॅस्केट तिला वाचवू शकलं नसतं.

राहिली ती एका दुपारची गोष्ट. नव्या गाडीवर कदाचित. तीस वर्षं तापलेल्या स्टडचे (हेडमध्ये रुतवलेल्या आटेदार दांड्यांचे) आटे नटाशी एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा, नट आधी किंचित घट्ट करून मग सोडवा, हलला नाही तर नट तापवून आट्यांना मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आत ओढलं जातं. एवढं करूनही माझ्याकडून शेवटचा स्टड हेडच्या सपाटीला तुटला होता. त्याला मधोमध छिद्र पाडून बाहेर काढण्यात दोन दिवस गेले. नवा हेडर बसवल्यावरही काम संपत नाही: पहिल्या काही फेऱ्यांत गॅस्केट दबतं, म्हणून थंड इंजिनावर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावे लागतात. आणि डाउनपाइपला गिअरबॉक्सशी धरणारी मूळची पट्टी 'बसत नाही' म्हणून काढून टाकली तर सगळ्या एक्झॉस्टचं वजन हेडरच्या मानेवर लोंबकळतं.

एक बाब मी मनापासून मान्य करतो. हेडर हलका असतो, आणि गाडीच्या नाकावरचं काही किलो वजन कमी होणं चांगलंच. इंजिनाचं मोठं काम केलेलं असेल, किंवा मूळ मॅनिफोल्ड दुरुस्तीपलीकडे गेला असेल, तर हेडर जरूर घ्या. रस्त्यावरच्या चार सिलिंडरच्या गाडीसाठी चार नळ्यांच्या दोन आणि दोनांची एक करणारा, पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरची, दुसऱ्या आणि तिसऱ्याची जोडी लावणारा घ्या. नळीचा व्यास हेडच्या दाराशी जुळणारा हवा.

पण मॅनिफोल्ड खरंच गेलाय का, हे आधी बघा. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक येते आणि दहा मिनिटांत नाहीशी होते, एवढ्यावरून लोक तो फेकायला निघतात. तापल्यावर बीड प्रसरण पावून फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी टॉर्च घेऊन हेड आणि मॅनिफोल्डचा सांधा न्याहाळा. गॅस्केटच्या कडेने बाहेर पसरलेली काजळीची काळी रेघ दिसली तर नवं गॅस्केट आणि नवे स्टड लावून, मॅनिफोल्डचा चेहरा मशीनवर सपाट करून घेतला की काम भागतं. रेघ मॅनिफोल्डच्या अंगावरच असेल तर तो तडा. बीड जाणणारा वेल्डर त्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रं पाडतो, अख्खा मॅनिफोल्ड हळूहळू तापवतो, निकेलच्या रॉडने थोडं थोडं भरतो आणि मग तो राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून रात्रभर निवू देतो.