आकृतिबंधात नसलेली माणसं

गेल्या आठवड्यात एका मुलाचा फोन आला. मुलगा म्हणजे पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. पण मी त्याला पहिल्यापासून मुलगाच मानत आले. "मॅडम, या वेळी नेमणुकीची ऑर्डर निघाली नाही. पुण्याला चाललोय, एका कंपनीत ट्रेनिंगचं काम मिळालंय."

प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणं, हे त्याचं काम. पाच-सहा वर्षं त्यानं ते अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर केलं. कागदावर तो 'टेक्निकल असिस्टंट'. शिक्षकांत नाही, धड शिक्षकेतरांतही नाही. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहिते आहे.

मी एकोणीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली आणि आम्हा सगळ्यांच्या हातात मोबाइल देऊन 'आता यावर शिकवा' असं सांगितलं गेलं, तेव्हा हा आमच्याकडे आला. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर कोर्स कसा लावायचा, आवाज कसा घ्यायचा, हे रात्री दहालाही फोनवर न कंटाळता सांगायचा. कॉलेजं उघडल्यावर एकदा म्हणाला, "मॅडम, मी तुमच्या तासाला मागं बसू का?" मला आधी रागच आला. तो माझा विषय शिकलेला नाही, हा काय बघणार? पण नाही म्हणवलं नाही.

तास संपल्यावर त्यानं वही पुढं केली. "तुम्ही २६ प्रश्न विचारले. मुलांनी दोन उत्तरं दिली. बाकीची तुम्हीच दिलीत. थोडं थांबून बघा ना, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा."

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात.

आता सोलापूरच्या वर्गात हे तीन सेकंद म्हणजे काय, ते बघा. शहराच्या पूर्व भागातली पोरगी घरी तेलुगू बोलते. अक्कलकोटकडचा मुलगा कन्नड. पुस्तक इंग्रजीत, मी समजावते मराठीत. प्रश्न कानावर पडून उत्तर ओठांवर यायला तिला दोन भाषा ओलांडाव्या लागतात आणि मी एका सेकंदात फळ्याकडं वळलेली असते. 'येत नाही यांना' असं मी किती वर्षं समजत होते, याचं अजून वाईट वाटतं.

मी थांबायला लागल्यावर महिन्याभरात, मोलची, म्हणजे अणू-रेणू मोजायच्या एककाची, संकल्पना शिकवताना, दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हजारासारखं का? आईला हजार विड्यांमागं मजुरी मिळते. एकेक विडी कुणी मोजत बसत नाही. तसं अणूंचं?" तसंच, बाई. हजाराच्या जागी ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढाच फरक. इतकी वर्षं मी डझनाचं पुस्तकी उदाहरण देत आले. हे उदाहरण वर्गात बसलेलं होतं, मी त्याला तोंड उघडू दिलं नव्हतं.

शाळेत शिकवायचं तर डीएड, बीएड लागतं. कॉलेजात नेट-सेट झालं, पीएचडी झाली, की खडू हातात. शिकवायचं कसं, हे कुणी विचारत नाही. ही उणीव भरायला १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. २०१५ मध्ये त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली, २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं. मीही पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला ओरिएंटेशनच्या प्रशिक्षणाला गेले होते. चांगली व्याख्यानं ऐकली, मैत्रिणी मिळाल्या. प्रमाणपत्र स्थाननिश्चितीच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फाइलला लागलं. पण परत आल्यावर माझ्या वर्गात डोकावायला कुणी आलं नाही. शिकवणं मात्र वर्गातच सुधारतं किंवा बिघडतं.

आणि सीएचबीवाले? ज्यांना घड्याळी तासावर पैसे मिळतात, जे सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात पळतात? त्यांना पदोन्नती नाही, म्हणून प्रशिक्षणालाही सहसा कुणी पाठवत नाही. पहिल्या वर्षाचे वर्ग बहुतेक त्यांच्याच अंगावर असतात. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, व्हीएससी म्हणजे व्यवसाय-कौशल्याचा कोर्स, ओजेटी म्हणजे कामावरचं प्रशिक्षण, सगळ्याचं मूल्यमापन वेगळं. कुणाला विचारायचं त्यांनी?

"प्राध्यापकाला शिकवायला आणखी माणूस कशाला?" असं माझेच सहकारी म्हणतात. मिशिगन विद्यापीठात १९६२ पासून अशा कामासाठी केंद्र आहे. शिक्षकानं बोलावलं तर तिथला माणूस सत्राच्या मध्यावर वर्गात येतो, शिक्षक बाहेर जातो, आणि तो मुलांशी बोलतो. मुलं जे सांगतील ते फक्त त्या शिक्षकापर्यंत पोचतं. मला यातला 'फक्त' फार महत्त्वाचा वाटतो. अशा माणसाची वही प्राचार्यांच्या टेबलावर गेली, की दुसऱ्या दिवसापासून कुणी दार उघडणार नाही.

आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळं झालं ते एका जिल्ह्यासाठी. ही केवढी सोय आहे! करमाळा असो की मंगळवेढा, सकाळच्या एसटीनं जाऊन, दोन तास बघून, संध्याकाळी माणूस सोलापुरात परत येतो. अनेक जिल्ह्यांच्या विद्यापीठाला हे जमणं कठीण. आपल्याला चार-पाच माणसं पुरतील. पण ती आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, हवीत, कायम हवीत, आणि कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची टीम आली की त्यांना फोटो चिकटवायला आणि एक्सेल भरायला बसवता कामा नये. विद्यापीठाच्या अधिसभेत, विद्या परिषदेत ज्या मित्रांची ऊठबस आहे, त्यांनी हा विषय मांडावा, ही कळकळीची विनंती. टिपण मी लिहून देते, आजच मागा.

परवा तो निघण्याआधी घरी येऊन गेला. चहा घेतला आणि वहीतली पानं फाडून मला दिली. म्हणाला, "ज्याची पानं त्याला देऊन आलो. ही तुमची." शेवटच्या पानावर लिहिलंय, 'खिडकीकडच्या दोन रांगांना फळ्याचा डावा कोपरा दिसत नाही. समीकरणं तिथंच लिहिली जातात.' सोमवारी सकाळी साडेसातचा तास आहे. त्याआधी जाऊन मी त्या बाकांवर बसून बघणार आहे.