इमारतींवर ‘उधळलेले’ पैसे : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या जॅक्सन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ग्रंथालयांवरच्या लेखाखाली ‘एक करदाता’ या नावाने ही प्रतिक्रिया आली आहे: “इमारतींवर जवळपास चार कोटी डॉलर उधळले. तेच पगारांना वापरले असते तर 2007 मध्ये कुलपं लागली नसती. लोकांनी दोनदा कर नाकारला, तरी खासगी कंपनीने सहा महिन्यांत निम्म्या पैशात ग्रंथालयं चालवून दाखवली. पुण्यात बसून पुस्तकप्रेमाचे कढ काढणाऱ्यांना हिशेब कोण शिकवणार? ता.क. अ‍ॅशलँडबरोबर टॅलेंट गावानेही जादा तासांचे पैसे दिले होते, ते लिहायचं राहिलं.”

टॅलेंटचं बरोबर आहे. लेखात भर घातली आहे, आभार.

आता ‘कढ’. टोपणनावाआडून कुणाला हिशेब शिकवायला निघणं हा नेटवरचा सोपा उद्योग आहे. ग्रंथालयांची अंदाजपत्रकं वाचणं आणि अनुदानाच्या विनियोगाची प्रमाणपत्रं भरणं यातच माझी नोकरी गेली. ही फुशारकी नव्हे. कुणाला शिकवायला निघालात ते कळावं म्हणून सांगतो. आणि जॅक्सन काउंटीवर लिहायला तिथल्या मुख्य गावी, मेडफर्डला, घर लागत नाही, कायदा वाचावा लागतो. तो तुम्ही वाचलेला नाही, हे तुमच्या पहिल्याच ओळीवरून दिसतं.

‘तेच पैसे पगारांना’. कसे? 2000 मध्ये मतदारांनी 3 कोटी 89 लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले ते पंधराही शाखांच्या इमारती नव्याने बांधायला किंवा दुरुस्त करायला. ओरेगॉनमध्ये मतदारांनी 1997 मध्ये मंजूर केलेल्या ‘मेझर 50’ या घटनादुरुस्तीने प्रत्येक काउंटीच्या घरपट्टीचा दर कायमचा गोठवला. जॅक्सनचा आहे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे 2 डॉलरच्या आसपास. त्यात तुरुंग आला, शेरीफ आला आणि उरलंसुरलं ग्रंथालय. करपात्र मूल्यही वर्षाला साधारणपणे 3 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, मग बाजारभाव कुठेही जावो. मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांची फेड या मर्यादेबाहेर, वेगळ्या करातून होते. पण ही सवलत फक्त भांडवली कामाला. त्या पैशातून भिंत बांधता येते, ग्रंथपालाचा पगार देता येत नाही. सोसायटीच्या सिंकिंग फंडातून वॉचमनचा पगार काढायचा ठराव मांडून बघा, म्हणजे कळेल.

इकडेही तेच आहे. ग्रंथालयांना साहाय्य देणाऱ्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडून इमारतीसाठी मिळालेल्या साहाय्यातून लेखनिकाचा पगार दाखवला, तर लेखापरीक्षक पहिला शेरा तिथेच मारतो. तरी गावोगावी कार्यकारिणीत एखादा ‘करदाता’ असतोच, जो दरवर्षी हे सुचवतो.

म्हणजे इमारती बांधल्या नसत्या, तर ते पैसे वाचून तिजोरीत पडले नसते. ते उभेच राहिले नसते. टीका करायचीच तर जागा वेगळी आहे. नवीन इमारतीबरोबर वीज, हीटिंग, साफसफाई आणि काउंटरवरची माणसं यांचा आवर्ती खर्च वाढतो. तो कुठून येणार, याची तजवीज काउंटीने केली नव्हती. मेडफर्डची मोठी इमारत 2004 मध्ये उघडली, अ‍ॅशलँडची 1912 ची, कार्नेगींच्या देणगीतून झालेली इमारत वाढवून झाली, आणि चालवायचा पैसा मात्र लाकडावर अवलंबून. हा मुद्दा तुम्ही मांडला असता तर मी मान डोलावली असती.

लाकडाचं असं: ‘ओ अँड सी’ नावाच्या जुन्या रेल्वेच्या जमिनी केंद्र सरकारने 1916 मध्ये परत घेतल्या. 1937 च्या कायद्याने तिथल्या तोडीच्या उत्पन्नात ओरेगॉनच्या 18 काउंट्यांना वाटा मिळाला. 1990 मध्ये ठिपकेवाल्या घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं, 1994 मध्ये वनयोजना आली, तोड घटली. भरपाई म्हणून 2000 च्या कायद्याने सहा वर्षं ठरावीक रक्कम दिली, ती 2006 ला संपली. जॅक्सनचे वर्षाला सुमारे 2 कोटी 30 लाख डॉलर गेले. एप्रिल 2007 मध्ये पंधराच्या पंधरा शाखांना कुलूप लागलं ते यामुळे.

‘लोकांनी दोनदा नाकारला’ हे खरं, आणि मी ते लिहिलंच होतं. मात्र मे 2007 च्या मतदानाला तेव्हा दुहेरी बहुमताची अट होती: निम्म्याहून जास्त ‘हो’ तर हवेच, शिवाय निम्म्या मतदारांनी मतदान केलेलं हवं. 2008 मध्ये मतदारांनीच मे आणि नोव्हेंबरच्या निवडणुकांपुरती ती अट काढून टाकली. या विषयावर वाद घालायचा तर निदान तेवढं माहीत असावं.

कंपनीच्या जादूबद्दल थोडक्यात. मे 2007 मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) लाकडाच्या त्या भरपाईला वर्षाची मुदतवाढ दिली. तुमच्या हिशेबात ती कुठेच नाही. ऑक्टोबरमध्ये शाखा उघडल्या त्या खूप कमी तासांसाठी. खर्च निम्मा आणि तासही जवळपास निम्मे, यात करून दाखवण्यासारखं काय? अ‍ॅशलँडला (हो, आणि टॅलेंटलाही) जादा तासांसाठी वेगळे पैसे मोजावे लागले, ते उगाच नाही.

आणि तुमचे ते कर नाकारणारे लोक. मे 2014 मध्ये त्याच मतदारांनी स्वतंत्र ‘ग्रंथालय जिल्हा’ (फक्त ग्रंथालयांसाठी कर लावणारी संस्था) मंजूर केला. निवडून दिलेलं पाच जणांचं मंडळ, स्वतःचा कायमचा दर, कमाल दर हजारी 60 सेंट. म्हणजे 2 लाख डॉलर करपात्र मूल्याच्या घराला वर्षाला जास्तीत जास्त 120 डॉलर. प्रत्यक्षात सुरुवात 52 सेंटपासून झाली, त्याच घराला 104. आपल्या महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयांसाठी कराची सोयच नाही. सगळा भरवसा अनुदानाच्या हप्त्यावर. जुलै 2020 पासून जॅक्सनच्या ग्रंथालय जिल्ह्याने कंपनीचं कंत्राट संपवून कारभार स्वतःकडे घेतला.

तुमच्या ‘निम्म्या पैशात’ची आणखी एक बाजू. कंत्राट झाल्यावर कर्मचारी काउंटीच्या नोकरीत राहिले नाहीत, त्यामुळे राज्याच्या पेन्शन योजनेतूनही बाहेर पडले. तुमच्या हिशेबात ही बचत कोणत्या रकान्यात धरली आहे, तेवढं पुढच्या प्रतिक्रियेत लिहा. ‘कढ’ वगळून लिहिलंत तर लगेच प्रसिद्ध करीन.